टोला आधी, पोट नंतर

तोंडाशी आलेलं वाक्य गिळता येत नाही अशी माणसांची एक जमात असते. ही माणसं अपमान गिळतील, घरभाडं थकलं की आवंढा गिळतील. पण वाक्य सुचलं की ते बाहेर पडलंच पाहिजे. मग समोर सासरा असो, साहेब असो, नाहीतर आपल्या नावाचा चेक लिहीत बसलेला मालक असो. नाटकवाल्यांत या जमातीची वस्ती जरा दाटच. तिचं कुलदैवत म्हणून कुणाला बसवायचं असेल तर माझं मत लंडनच्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांना. लोक लाडाने मिसेस पॅट म्हणत. लाडाने म्हणजे जपून.

मूळ नाव बिअट्रिस स्टेला टॅनर, जन्म १८६५चा. एकोणिसाव्या वर्षी पळून जाऊन लग्न केलं. मग नवरा नशीब काढायला आधी ऑस्ट्रेलिया, मग आफ्रिका असा निघून गेला. पदरात दोन मुलं, हातात पैसा नाही. १८८८ साली लिव्हरपूलला बाई व्यावसायिक रंगभूमीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी जाहिरातीत नाव लावलं ते नवऱ्याचं. घरात नसलेला माणूस अशा रीतीने लंडनभर भिंतींवर चिकटला. १८९३मध्ये नाटककार पिनेरोच्या ‘द सेकंड मिसेस टँकरे’त त्यांनी पूर्वायुष्य डागाळलेल्या बाईची भूमिका केली आणि एका रात्रीत शहर खिशात घातलं.

मराठी माणसाशी या बाईंचं नातं ‘ती फुलराणी’तून लागतं. पुलंनी ज्या ‘पिग्मॅलियन’वरून मंजुळा घडवली, त्यातली इंग्रजी रंगभूमीवरची पहिली एलायझा म्हणजे मिसेस पॅट. भक्ती बर्वेंच्या मंजुळेची ही थोरली जाऊबाईच म्हणायची. जाऊबाई अंमळ जास्तच थोरली होती. रस्त्यावर फुलं विकणारी पोर अठरा-वीस वर्षांची. १९१४ साली ती रंगवणाऱ्या बाई एकोणपन्नास वर्षांच्या आणि हिगिन्स झालेले सर हर्बर्ट बीरबोम ट्री एकसष्टीचे. नाटककार बर्नार्ड शॉ सत्तावन्न. शॉने ही भूमिका बाईंना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली होती. १९१२ साली त्यांना वाचून दाखवली आणि घरी लग्नाची बायको असताना वाचता वाचता प्रेमातही पडला. त्याने पत्रांमागून पत्रं लिहिली. बाई त्याला ‘जोई’ म्हणत. तिकडे सर्कशीतल्या विदूषकाला म्हणतात तसं. शॉ शाकाहारी. हा गृहस्थ एखाद्या दिवशी पोर्क चॉप खाऊन बसला तर बायकांचं काही खरं नाही, असं बाईंनी त्याला भर तालमीत सुनावल्याची कथा आहे.

त्या तालमींवर स्वतंत्र नाटक होईल. एलायझा चिडून हिगिन्सला सपाता फेकून मारते तो प्रवेश होता. बाईंचा नेम चुकत नाही हे शॉला माहीत, म्हणून त्याने मुद्दाम मऊ मखमली सपाता आणवल्या. बाईंनी फेकल्या त्या नेमक्या ट्रीसाहेबांच्या थोबाडावर. आणि ट्रीसाहेब विसरले होते की हे नाटकातच आहे! थिएटरचा मालक, राजाने ‘सर’ केलेला नट, जवळच्या खुर्चीत कोसळून चक्क रडायला लागला. बाईंनी मनातला राग काढला असंच त्याला वाटलं. सगळी मंडळी धावली, पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा कुठे हुंदके थांबले. ही हकीकत शॉनेच सांगितलेली आहे, तेव्हा तिला थोडी फोडणी असणारच. पण बाई पुस्तकाबाहेरही सपाता फेकू शकतात यावर बिचाऱ्या ट्रीचा विश्वास बसला, यातच त्यांचं सगळं चरित्र आलं.

प्रयोग पाच दिवसांवर आला आणि नायिका तालमीतून गायब. शोध घेतात तर बाईंनी ६ एप्रिलला दुसरं लग्न उरकलेलं! नवरदेव जॉर्ज कॉर्नवॉलिस-वेस्ट, म्हणजे विन्स्टन चर्चिलच्या आईचा नुकताच मोकळा झालेला नवरा. शॉचं काय झालं असेल ते त्याच्या दाढीलाच ठाऊक. ११ एप्रिलला पडदा उघडला. तिसऱ्या अंकात बाईंच्या तोंडून त्या काळी सभ्य घरात न उच्चारली जाणारी शिवी निघाली आणि थिएटर हशाने इतका वेळ हललं की नाटक पुढे सरकेना.

जीभच बाईंना नडली, असं त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक लिहितात. मला हे अर्धवट वाटतं. टोला मारायला लागतो तो नेमका क्षण, तो श्वास, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची नजर हे सगळं नटाचंच भांडवल. फरक इतकाच की रंगमंचावर त्याचे पैसे मिळतात आणि मेजवानीत ते खिशातून जातात. बाई दोन्हीकडे सारख्याच मनापासून खेळल्या.

मेजवानीतला खर्च मोठा आला तो हॉलिवूडमध्ये. साठी उलटल्यावर कामासाठी बाई तिथे पोहोचल्या. स्टुडिओतला बडा निर्माता आयर्विंग थॅलबर्ग, त्याची बायको नॉर्मा शिअरर तिथली राणी. बाईंनी थॅलबर्गजवळ कौतुक केलं म्हणतात: तुमच्या मिसेसचे डोळे किती छान, किती बारीक! शिअररच्या ‘रिपटाइड’मध्ये १९३४ साली त्या दिसल्या, पुढच्या वर्षी ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये सावकारीण झाल्या, आणि मग फोन वाजायचे थांबले. अमेरिकन समीक्षक वुलकॉट म्हणाले होते, ही बाई म्हणजे सोडवायला आलेल्यांवरच तोफा डागणारं बुडतं जहाज.

मायदेशी परतावं तर तिथे कायदा आडवा आला. परदेशातून आलेल्या कुत्र्याला इंग्लंडात सहा महिने अलग ठेवत, आणि बाईंचं पेकिनीज कुत्रं मूनबीम त्यांच्या कडेवरून उतरत नसे. जगातल्या कुणाचीही भीड न ठेवणाऱ्या या बाईंनी एका मूठभर कुत्र्याची मात्र ठेवली. म्हणून त्या इंग्लंडऐवजी फ्रान्समध्ये राहिल्या आणि १९४०च्या एप्रिलमध्ये पो गावी वारल्या.

शेवटच्या वर्षांत विकण्याजोगं त्यांच्याकडे एकच होतं, शॉची पत्रं. ती जशीच्या तशी छापायला शॉ जन्मभर नाही म्हणाला. १९२९च्या ‘द ॲपल कार्ट’ नाटकात मात्र राजाची मैत्रीण ऑरिंथिया बाईंवरूनच बेतायला त्याला संकोच वाटला नाही, आणि ती भूमिका गेली इडिथ इव्हान्सकडे. पत्रांचं पुस्तक निघालं १९५२ साली. तेव्हा बाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती, शॉला दोन. पुढे जेरोम किल्टीने त्यांतून ‘डिअर लायर’ हे दोन पात्रांचं नाटक बांधलं. मुंबईत नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांनी ते केलंय. शॉसारखा बोलघेवडा समोर असताना दुसऱ्या पात्राला ऐकून घेण्यापलीकडे काम उरू नये. इथे शॉ पानभर बोलतो, बाई एका ओळीत निकाल लावतात, आणि हशा त्यांना मिळतो.