जनादेशाच्या वर्षपूर्तीनिमित्त

5 जुलै 2025

माननीय पंतप्रधान कीर स्टार्मरसाहेब,

स. न. वि. वि.

आपल्या जनादेशाला वर्ष झालं, त्याबद्दल हॅरोतल्या एका मराठी मतदाराकडून अभिनंदन. (भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं, हे गावी अजून कुणाला पटत नाही.)

650 पैकी 411 जागा! 2019 मध्ये मजूर पक्षाला एक कोटी दोन लाखांवर मतं पडली आणि पानिपत झालं. गेल्या वर्षी 97 लाख पडली आणि दिग्विजय! आमच्याकडचे पुढारीही या विद्येत कच्चे नाहीत, पण आपल्यासारखं स्वतःच्या मतदारसंघातली मतं जवळपास निम्मी करून दिल्ली जिंकणं त्यांना जमलेलं नाही. शंभरातले चाळीस जण मतदानाला फिरकलेच नाहीत. तेही आपल्याच खात्यावर जमा असतील, मौनं संमतिलक्षणम्.

देशाने बदलासाठी निर्णायक मत दिलं, असं आपण निकालानंतर पंतप्रधान निवासाच्या दारात उभं राहून म्हणालात. म्हणून मी ती मतपत्रिका आठवून पाहिली. दोरीला बांधलेली पेन्सिल, उमेदवारांची नावं, समोर फुलीसाठी चौकोन. आपलं नाव नव्हतंच, ते तिकडे आपल्या हॉलबर्न मतदारसंघाच्या कागदावर. ‘म्हाताऱ्यांचा हिवाळ्यातला इंधनभत्ता काढावा का?’ असाही चौकोन नव्हता. जाहीरनाम्यातही ते नव्हतं. तरी निकालानंतर महिना व्हायच्या आत, 29 जुलैला, अर्थमंत्रीणबाईंनी सुमारे एक कोटी पेन्शनरांचे दोनशे-तीनशे पौंड काढून घेतले.

आमच्या कोकणात गुरव देवाला कौल लावतो, तेव्हा आधी गाऱ्हाणं घालतो, प्रश्न सगळ्यांदेखत मोठ्याने सांगतो आणि मगच फूल उजवीकडे पडतं की डावीकडे ते पाहतो. आपण फूल आधी पाडून घेतलंत, प्रश्न सवडीने ठरवलात.

बरं, एवढा भक्कम जनादेश, तर तो निभवायचा तरी! गेल्या महिन्यात भत्ता बहुतेकांना परत दिलात. परवा अपंगांच्या मदतीतली कपात आपल्याच खासदारांनी गुंडाळायला लावली. तरीही 49 जण विरोधात गेले. तेही त्याच दिवशी, त्याच पेन्सिलीने निवडून आलेत, हे विसरू नये.

कळावे,
आपला,
एक मतदार

ता. क. आमच्या हॅरो ईस्टमध्ये हुजूर पक्षाचाच माणूस निवडून आला. जनादेश त्याच्याकडेही आहे म्हणे. आपल्याला विरोध करण्याचा.