छातीवर बाटली, घशाला कोरड

सध्या नागपूरच्या नंदनवनात नवा दागिना आला आहे. तो गळ्यात घालत नाहीत की मनगटावर बांधत नाहीत. सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्यांना अडकवतात. उजव्या पट्ट्याला एक बाटली, डाव्या पट्ट्याला एक बाटली, उरलेल्या जागेत माणूस. रविवारी पहाटे जगनाडे चौकात ही मंडळी गाडीची वाट बघत उभी असतात, तेव्हा एखादी तुकडी थेट हिमालयात निघाली असावी असं वाटतं. विचारलं तर उत्तर येतं, "रामटेक." रामटेकच्या गडावर गाडी वरपर्यंत जाते, हे नागपुरात कोणाला सांगायला नको. वाटेत तर्री-पोहे होतात, त्यावर चहा होतो, वर देवदर्शन होतं, खाली अंबाळा तलावाच्या काठी फोटो होतात. पाणी पिणं तेवढं होत नाही. बाटल्या गेल्या तशा भरलेल्या परत येतात. काहींच्या तर गेल्या तशा रिकाम्याच परत येतात. भरल्या की त्या जड होतात ना!

गडावरच्या वानरांना मात्र ही पद्धत मनापासून आवडलेली दिसते. पूर्वी त्यांना पिशवी हिसकावून उघडावी लागायची. आता माल दर्शनी भागात मांडलेला असतो.

गंमत अशी की कल्पना मुळात शंभर नंबरी आहे. सॅकच्या बाजूच्या खिशात बाटली ठेवून चालणाऱ्याला विचारा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. हात मागे जातो, बोटांना झाकण लागतं, बाटली काही येत नाही. आलीच, तर परत खिशात जात नाही. मग मागून येणाऱ्याला सांगायचं, "भाऊ, जरा बाटली काढून दे ना." एकदा सांगता येतं, दोनदा सांगता येतं, तिसऱ्यांदा माणूस लाजतो आणि तहान गिळतो. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं की दोष उन्हाला, नाहीतर तर्रीला. "पाणी काहून नाही पिलं बे?" या प्रश्नाचं खरं उत्तर असतं, "हात पुरला नाही."

नळीवाल्या पिशवीचाही एक पंथ आहे. पाठीत पिशवी, खांद्यावरून नळी, नळी तोंडात. चालता चालता पाणी मिळतं, हे खरं. पण पिशवीत किती उरलं ते दिसत नाही. नळी कोरडी पडते तेव्हाच हिशेब कळतो. शिवाय ट्रेकनंतर ती धुऊन, नळी वाळवून ठेवावी लागते. आपल्याकडे ती पुढच्या ट्रेकच्या आदल्या रात्री धुतात, तोवर आत नवी जीवसृष्टी नांदू लागलेली असते.

छातीवरच्या बाटलीत ही भानगड नाही. पाणी डोळ्यांसमोर असतं म्हणून आठवतं, हाताशी असतं म्हणून प्यायलं जातं. पाठीवरच्या ओझ्याला पुढून थोडा तोल मिळतो, तो वेगळाच फायदा. मात्र एक लिटर पाण्याचं वजन एक किलो भरतं, आणि हा दर नंदनवनातही तोच आहे. कमरपट्टा घट्ट आवळला की सॅकचं बरंचसं वजन कमरेवर उतरतं. पट्ट्याला लटकवलेल्या बाटलीचं वजन मात्र खांद्यावर आणि मानेवरच राहतं. म्हणून एका बाजूला अर्धा लिटर पुरे. लिटरभराची स्टीलची बाटली एकाच पट्ट्याला टांगून निघालेला वीर पहिल्या चढालाच एका अंगाला कलतो, आणि प्रत्येक पावलाला त्याचं गळ्याजवळचं हाड टोले मोजतं. दोन बाजूंना दोन हलक्या बाटल्या लावाव्या, आळीपाळीने घोट घ्यावा, तोल राहतो.

हे शास्त्र आज दुकानात विकायला आलं असलं, तरी आपल्या खांद्यांना ते जुनंच ठाऊक आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याला जाऊन बघा. गांधीग्रामला पूर्णा नदीचं पाणी भरून घ्यायचं आणि सुमारे १८ किलोमीटर चालत येऊन राजराजेश्वराला घालायचं, अशी ती कावडयात्रा. शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटाच्या अंगावर येणाऱ्या चढाने कावडी वर चढवतात. दांडीच्या दोन्ही टोकांना सारखं वजन नसेल तर कावड चालू देत नाही, हे तिथल्या पोराटोरांना कळतं. त्यांच्या पट्ट्याला कुठल्याही कंपनीचं नाव शिवलेलं नसतं, एवढाच फरक. आणखी एक फरक आहे म्हणा. कावडीतलं पाणी देवासाठी असतं, म्हणून वाटेत पीत नाहीत. आपले ट्रेकरही पीत नाहीत, पण त्यांचं पाणी कोणासाठी असतं ते कळत नाही.

नागपूरकर माणूस खरोखर चालतो तो नागद्वारला. नागपंचमीच्या सुमाराला सातपुड्यात पचमढीजवळची ही यात्रेची वाट वर्षातून दहाएक दिवसच उघडते. व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे ते. विदर्भातून गाड्या भरभरून माणसं जातात. त्यात आपल्या पूर्व नागपुरातल्या आजीबाई असतात, पोरं खांद्यावर घेतलेले बाप असतात, रबरी चपला घातलेले काका असतात. चिखल, घसरडे दगड, लोखंडी शिड्या आणि वरून पाऊस. यांच्यापैकी कोणाच्याही सॅकला बाटलीचा कप्पा नसतो, कारण सॅकच नसते. दुपट्ट्याच्या गाठीत बाटली अडकवलेली असते, अगदी छातीशी. हे त्यांना कोणी व्हिडिओतून शिकवलेलं नाही. वाटेत विदर्भातल्या मंडळांचे भंडारे असतात, तिथे पोटही भरतं. सगळीकडे पाणी खळाळत असतं, पण त्यातलं पिण्याजोगं किती, हे हजारोंच्या पायांखालून आलेला तो ओढाच जाणे. म्हणून बाटलीचं महत्त्व पावसातही कमी होत नाही.

त्या शिड्यांवर मात्र छातीवरच्या बाटलीचे लाड बंद करावेत. ती शिडीच्या दांडीला अडकते, खाली बघू देत नाही, आणि पाय कुठे ठेवायचा ते नेमकं त्याच क्षणी बघायचं असतं. शिडी किंवा कातळ आला की बाटली काढून सॅकमध्ये टाकायची, वर पोचलो की पुन्हा बाहेर. एवढं करायला अर्धा मिनिट लागतो. सेल्फीला याहून जास्त लागतो.

आता उन्हाचं. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. २०२४च्या मेअखेर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने तर ५६ अंश दाखवले. यंत्र बिघडलं होतं, असं हवामान खात्याने मागाहून सांगितलं. पण बातमी वाचून एकाही नागपूरकराला नवल वाटलं नव्हतं. अशा गावात छातीवर उघडी टांगलेली स्टीलची बाटली तासाभरात चहाचं आधण होते. आपल्या आजोबांच्या जीपला बाहेरून कॅनव्हासची छागल लटकलेली असायची. कापडातून पाझरणारं पाणी वाऱ्याने उडायचं आणि आतलं पाणी गार राहायचं. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर याच न्यायाने चालतात. तेव्हा बाटलीला एक जुना सुती मोजा चढवावा आणि तो ओला ठेवावा. कोरड्या उन्हात ही युक्ती हमखास चालते, श्रावणातल्या दमट हवेत चालत नाही. मोजा धुतलेला असावा, हे सांगावं लागतं.

खांद्यावरच्या पट्ट्यासाठी महागडा कप्पा हवाच असंही नाही. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे मागून घ्या. एक बाटलीच्या गळ्याशी, एक बुडाशी. बाटली उड्या मारत नाही. बॅगा शिवणाऱ्याकडे जुन्या पँटचा तुकडा दिला तर तो कप्पाच शिवून देतो. पण त्यात फोटोला मजा नाही.

बाटली भरायची कुठे, हा प्रश्न उरतोच. पूर्वी उन्हाळ्यात चौकाचौकात पाणपोई असायची, लाल कापड गुंडाळलेले रांजण आणि वर एक ओगराळं. आजही पाणपोया लागतात. उद्घाटनाला रांजण तीन आणि फलकावर चेहरे तेरा असतात. जूनपर्यंत रांजण कोरडे होतात, चेहरे दिवाळीपर्यंत टिकतात. म्हणून घरूनच भरून निघावं.

तर नंदनवनातल्या समस्त गिरिप्रेमींना निवाडा ऐकवतो. छातीवर अर्ध्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, पाठीवर निदान दोन लिटरचा साठा. पुढचं संपलं की मागचं पुढे. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिटरला सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ या हिशेबाने केलेलं सरबत. घाम फार गेला की नुसत्या पाण्याने भागत नाही. तहान लागायची वाट न बघता दर थोड्या वेळाने घोट. ट्रेकवरून रिकामी बाटली घेऊन घरी आलात तर तुम्ही शहाणे. भरलेली आणलीत तर तुम्ही हमाल. आणि जंगलातच टाकून आलात, तर पुढच्या वेळी कृपा करून घरीच बसा.