हिचोपदेश

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांत काही माणसं पदाशिवायच पदाधिकारी असतात. मखराचं सामान कुठे स्वस्त मिळतं हे सांगणारे एक, भारतात पैसे आज पाठवावेत की सोमवारी हे सांगणारे दुसरे, आणि कोलोरॅडोसारख्या डोंगराळ भागात तिसरे असतात ते हिचवाले काका.

तुम्ही ट्रॅव्हल ट्रेलर घेतल्याची बातमी तुमच्या सासूबाईंच्या आधी त्यांना कळते. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, न्हाणीघर सगळं आत. नसतं ते फक्त इंजिन. ते पिकअप ट्रकचं, म्हणून घर ट्रकमागे हिचनं, म्हणजे जोडकडीनं, जोडून ओढायचं. बघायला आलेली मंडळी गाद्या दाबून बघतात, फ्रीज उघडून बघतात, "अय्या, ओव्हनपण आहे!" म्हणतात. काका आत पाऊल टाकत नाहीत. ट्रेलरचं लोखंडी नाक जिथे संपतं तिथे उकिडवे बसतात, खिशातली मोजपट्टी काढतात आणि मान वर न करता विचारतात, "हिच कुठली?"

"डीलरनं दिलीय, काका. हेवी ड्यूटी आहे म्हणाला."

"हेवी ड्यूटी म्हणजे किती पौंड?"

एवढ्या प्रश्नावर नव्या ट्रेलरधाऱ्याची संध्याकाळ संपलेली असते.

काका सांगलीकडचे. कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून हयात गेली, पण या विषयातला अधिकार ते डिग्रीवर सांगत नाहीत, आजोबांच्या बैलगाडीवर सांगतात. "कडबा मागे जास्त भरला की गाडी उलाळ व्हायची. जू वर उचललं जायचं, बैलांच्या गळ्याला पट्टे आवळायचे. पुढे जास्त भरला की सगळा भार मानेवर. आजोबा जुवाखाली हात घालून तोलून बघायचे आणि दोन पेंढ्या इकडच्या तिकडे करायचे. ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार नाकावर हवा, हे त्यांना कुणी सांगितलं होतं का?" नाक हलकं राहिलं की भरधाव रस्त्यावर शेजारून मोठा ट्रक गेला तरी ट्रेलर मागे डोलायला लागतो, आणि एकदा डोलायला लागला की तो ट्रकलाही आपल्याबरोबर घेतो. अशा वेळी ट्रकचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं लावायचा, हे काका चहाचा कप डोलवून दाखवतात. काकू त्या वेळी बशी धरून उभ्या असतात.

नाक जड झालं तर वेगळं दुखणं. ट्रकची मागची बाजू बसते, पुढची उचलली जाते, हेडलाइट झाडांवरची घरटी दाखवू लागतात आणि स्टिअरिंग हातात हलकं लागतं. त्यावर औषध म्हणजे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. तिला दोन जाडजूड स्प्रिंग बार असतात. ते ट्रेलरच्या चौकटीला ताणून बसवले की तरफेसारखे काम करतात, मागच्या चाकांवर आलेला भार उचलून थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर टाकतात. "भार कमी होत नाही रे, वाटला जातो," हे वाक्य काका आरतीच्या चालीत म्हणतात. ऐकणाऱ्याला मात्र आपला ट्रक आता दुप्पट ओढेल असं वाटलेलं असतं, आणि तो गैरसमज दूर करण्यासाठी काका त्याला ट्रकच्या दारापाशी नेतात.

या दारावर काकांचं खरं कीर्तन होतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पांढरं-पिवळं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांवर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं. मालकानं ट्रक घेतल्यापासून ते वाचलेलं नसतं. काका चष्मा कपाळावर चढवून वाचतात, "चौदाशे ऐंशी. बरं. तुम्ही घरातले चौघं किती?"

"काका, साधारण..."

"साधारण नाही."

वहिनी आत निघून जातात. साडेपाचशे ठरतात. उरले नऊशे तीस. ट्रेलर भरल्यावर सात हजार पौंड, म्हणजे नाकावर नऊशे धरा. उरले तीस. आणि ही हिच स्वतः नव्वद पौंडांची. "म्हणजे तू साठ पौंड जास्त झालास, आणि मागच्या हौद्यात अजून सायकली ठेवल्या नाहीत, कूलर ठेवला नाही, जनरेटर ठेवला नाही." काका विजयानं बघत नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांचा चेहरा रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरसारखा कनवाळू असतो.

"पण माहितीपत्रकात ट्रेलर अठ्ठावन्नशेचा आहे, काका."

"ते रिकाम्याचं वजन. पाणी भरणार नाहीस? गॅलनला सव्वाआठ पौंड. गॅस? बॅटरी? आणि तुझी आई येणार आहे ना जूनमध्ये?"

खरं तर काकांचं सगळ्यात मोठं वैगुण्य हेच की ते बरोबर असतात. चुकीचा सल्ला देणाऱ्याला हसून टाळता येतं. बरोबर सल्ला देणारा घरी येऊन बसला तर त्याला जेवूच घालावं लागतं.

आता कुठली हिच घ्यायची? इथे काकांना वेळेचं भान उरत नाही. नवा माणूस म्हणतो, सगळ्यात दणकट घेऊन टाकू, पुढेमागे उपयोगी पडेल. काका कळवळतात. बार वेगवेगळ्या पौंडांच्या क्षमतेचे येतात, आणि गरजेपेक्षा फार ताठ घेतले तर ते वाकतच नाहीत, प्रत्येक खड्डा ट्रेलरच्या चौकटीला आणि तुमच्या मणक्याला सांगत जातात. नाकावरचा भार, त्यात हौद्यात मागच्या चाकांच्या पलीकडे जे ठेवाल ते मिळवायचं, आणि त्या बेरजेला पुरतील असे बार घ्यायचे. डोलणं थांबवायचे प्रकार निराळे. घर्षणावर चालणाऱ्या हिच वळणावर कुरकुरतात. काका त्या कुरकुरीला "काम करतेय ती" म्हणतात. अँडरसनच्या हिचमध्ये स्प्रिंग बारच नसतात, साखळ्या आणि युरेथेनचे ठोकळे असतात. वजनाला हलकी, म्हणून कंबर दुखणाऱ्यांना ते ती आदरानं सुचवतात. ब्लू ऑक्स नेब्रास्काची, आणि नावातच निळा बैल असल्यानं तिच्याबद्दल बोलताना काकांचा तांत्रिक निःपक्षपातीपणा किंचित ढळतो.

हेन्स्लेचं नाव घेताना मात्र आवाज खाली येतो. तिच्यातल्या जोडदांड्यांची रचना अशी की ट्रेलर जणू ट्रकच्या मागच्या आसाजवळून वळतो. त्यामुळे त्याला बाजूला डोलायला वावच मिळत नाही. किंमत हजारो डॉलरच्या घरात. जोडताना ट्रक आणि ट्रेलर अगदी एका रेषेत, एका उतारावर आणावे लागतात, त्यामुळे बायको मागे उभी राहून "अजून डावीकडे" म्हणते आणि नवरा "कुणाच्या डावीकडे?" विचारतो. काकांच्या मते वारा या हिचला हलवू शकत नाही. संसाराबद्दल ते हमी देत नाहीत.

हिच बसली की दुसऱ्या दिवशी पहाटे काट्यावर जायचं. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी दाखवणारा. काका तीनदा वजन करायला लावतात: नुसता ट्रक, बार न लावता ट्रेलरसह, आणि बार लावून. चोवीस तासांच्या आत पुन्हा त्याच काट्यावर केलं तर दर कमी लागतो, हे ते गाडी थांबण्याआधी सांगतात. मागे अठरा चाकांचे ट्रक रांगेत घुरघुरत असतात आणि काका काट्याबाहेर, खिडकीपाशी उभे राहून चिठ्ठ्या वाचत असतात. पुढच्या आसावर आधी एकतीसशे. ट्रेलर जोडल्यावर सत्तावीसशे वीस. बार लावल्यावर एकोणतीसशे चाळीस. गेलेल्या तीनशे ऐंशीपैकी दोनशे वीस परत आले. "अर्ध्याहून जास्त. अजून ओढायचं नाही, पुढे जास्त झालं तरी वाईट," असं म्हणत ते चिठ्ठ्यांची घडी घालून स्वतःच्याच खिशात ठेवतात. अशा चिठ्ठ्या त्यांच्याकडे वर्षानुसार लावलेल्या आहेत.

काकांनी स्वतः देश भरपूर पाहिलाय. पण त्यांना ग्रँड कॅन्यनबद्दल विचारलंत तर फिनिक्सहून फ्लॅगस्टाफला चढताना इंजिनाचं तापमान कुठे गेलं होतं ते सांगतात. यलोस्टोनची आठवण म्हणजे तिथे जाताना वायोमिंगमध्ये, एल्क माउंटनजवळ आय-८० वर लागलेला आडवा वारा. "गीझर?" काकूंना विचारा. त्यांनी पाहिलाय, फोटोही काढलेत. फोटोत कडेला काका पाठमोरे, दुसऱ्या कुणाची तरी हिच बघताना दिसतात. काकूंचा या साऱ्याला एकच विरोध आहे आणि तो पाटा-वरवंट्याच्या रूपात ट्रेलरमध्ये असतो. काका तो आसाच्या बरोबर वर ठेवतात. काकूंना तो ओट्याजवळ हवा असतो, आणि ओटा नेमका मागच्या टोकाला आहे. प्रत्येक मुक्कामावर पाटा एका दिशेनं सरकतो आणि निघायच्या दिवशी दुसऱ्या.

ज्याच्या घरी काका मे महिनाभर राबले, त्या पोराचा सप्टेंबरात फोन आला. मोआबला जाऊन आलो, आयझेनहॉवर बोगद्याच्या चढावरसुद्धा काही त्रास झाला नाही.

"काहीच नाही?" काकांच्या आवाजात थोडी निराशा होती. "मग वारा नसेल."

"नाही काका, हिच उत्तम आहे. पण मुलं मोठी झाली, जागा कमी पडते. मोठा, फिफ्थ व्हील ट्रेलर घ्यायचं म्हणतोय. त्याची हिच हौद्यातच, मागच्या आसावर बसते ना? मग हे बार-बिर काही नकोच."

काका गप्प झाले. काकूंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

"बार नको," शेवटी काका म्हणाले. "पण तिथे भार दहा-पंधरा टक्के नाही, वीस ते पंचवीस असतो. बारा हजाराचं घेतलंस तर नुसत्या पिनवर अडीच-तीन हजार. तुझ्या दारावर चौदाशे ऐंशी लिहिलंय. कुठला ट्रक घेतोयस? थांब, सही करू नकोस, मी येतो."