दस्तुरखुद्द

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे ‘दस्तुरखुद्द’ म्हणतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. पण पाटी छापील, म्हणजे त्यांच्याच हिशेबाने तिची किंमत शून्य. एका बँकेत 32 वर्षं चेकवरची सही नमुना-कार्डावरच्या सहीशी ताडून पाहण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणूस हुश्श करतो; यांनी तुळशीबागेतून एक भिंग आणलं आणि तेच काम बिनपगारी चालू ठेवलं. फरक इतकाच, की पूर्वी सही खरी निघाली की बँकेचे पैसे जायचे, आता यांचे जातात. काकू हा फरक बऱ्याच वेळा बोलून दाखवतात.

माणसाची थोरवी मोजायची त्यांची रीत जगाच्या उलटी. हसतमुखाने रांगेतल्या शेवटच्या पोरापर्यंत सह्या देणारा मोठा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी बाजार पाडणारा. ‘‘ब्रॅडमन घ्या. 92 वर्षं जगला, खेळणं सोडल्यावरही टपालाने येणाऱ्या कागदांवर इमानेइतबारे सह्या करत बसला. सही काय देखणी! पण जिथे जाल तिथे आहे. आणि ट्रंपर? 1915 साली, 37व्या वर्षी आटोपला. त्याची सापडली तर मला उठवा. रात्री दोन वाजता उठवा.’’

त्यांचा खरा देव मात्र वेगळाच आहे. बटन ग्विनेट. नाव ऐकून मला शिंप्याचं दुकान आठवलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्या 56 जणांनी सह्या केल्या, त्यांतला हा एक. छप्पन्नच्या छप्पन्न सह्या जमवायचा नाद असलेले लोक याच्यापाशी येऊन अडकतात, म्हणून याची सही जेफरसनच्या सहीपेक्षा महाग.

‘‘पण या गृहस्थाने असं केलं काय?’’ मी विचारलं.

‘‘वेळेवर गेला,’’ दस्तुरखुद्द भक्तिभावाने म्हणाले. ‘‘1776 ला सही केली, 1777 ला द्वंद्वयुद्धात गोळी खाऊन मोकळा. पत्रं लिहायला सवडच मिळाली नाही.’’

साहजिकच सकाळच्या पेपरात ते आधी निधनवार्ता बघतात. कुणी नामवंत गेले की सोसायटीतली चार माणसं हळहळत असतात, तेव्हा हे हळूच सांगतात, ‘‘पंधरा दिवस कुणी काही विकत घेऊ नका. आत्ता भाव चढेल. मग घरोघरची कपाटं उघडतील आणि तो बसेल.’’ एका शोकसभेत हे जरा मोठ्याने बोलले गेलं. तेव्हापासून शोकसभेत काकू त्यांच्या शेजारीच बसतात.

स्वतःच्या सहीचा दर स्वतः लावणारा एकच माणूस त्यांना मनापासून मान्य आहे: गांधीजी. हरिजन फंडासाठी पाच रुपये टेकवल्याशिवाय सही नाही. ‘‘व्यवहार म्हणतात तो हा,’’ असं म्हणताना त्यांचे डोळे पाणावतात. गांधीजींच्या बाकीच्या शिकवणुकीवर त्यांनी कधी भाष्य केल्याचं मला स्मरत नाही.

मीही एकदा माझी शाळेतली स्वाक्षऱ्यांची वही त्यांच्यापुढे ठेवण्याची चूक केली. वहीत एका मोठ्या कसोटीवीराची सही आहे. तिच्यासाठी मी नेहरू स्टेडियमबाहेर भर उन्हात तीन तास उभा होतो. वर त्याच्याच अक्षरात माझं नाव आणि ‘खूप अभ्यास कर’. हे पान मी आजवर दोनशे लोकांना तरी दाखवलं असेल. दस्तुरखुद्दांनी भिंग लावलं, कागद उजेडात धरला, मागच्या बाजूने बोट फिरवून पेनचा दाब पाहिला. मग सुस्कारा सोडला.

‘‘सही खरी आहे. पण तुम्ही घाण केलीत.’’

‘‘मी?’’

‘‘तुमच्या नावाने. नुसती सही असती तर काही बोललो असतो. अमक्याला सप्रेम म्हटलं की विकत घेणाऱ्याला तो अमका भिंतीवर टांगावा लागतो. तुम्ही पुढेमागे प्रसिद्ध होणार आहात का?’’

मी नाही म्हणालो. ‘‘मग राहू द्या घरात,’’ म्हणाले. त्या उपदेशाप्रमाणे मी अभ्यासही केला नव्हता, हे सांगायची सोय उरली नाही.

त्यांच्याबरोबर रविवारी जुन्या बाजारात जावं. पितळी अडकित्ते, बंद पडलेली घड्याळं, कुणाच्या तरी आजोबांचे चष्मे, आणि त्यांत एका सतरंजीवर कागदांचा ढीग. परवा विक्रेत्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पावती अदबीने बाहेर काढली. ‘‘सानेगुरुजी. मानधनाची पावती आहे साहेब, तिकिटावर सही.’’ कागद पिवळा, शाई निळी, अक्षर गरीब स्वभावाचं. मला तर हात जोडावेसे वाटले. दस्तुरखुद्द मात्र सहीकडे बघेचनात. भिंग तिच्याखालच्या रेव्हेन्यू स्टॅम्पवर.

‘‘किती पैशांचं तिकीट आहे हे?’’

‘‘दहा. नये पैसे.’’

‘‘नये पैसे आले 1957 साली. गुरुजी गेले 1950 ला.’’

विक्रेता क्षणभर विचारात पडला. मग पावती पिशवीत घालत म्हणाला, ‘‘मग दुसऱ्या कुणाची तरी असेल. तुम्ही सांगा ना कुणाची.’’ यावर दस्तुरखुद्दांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. गेल्या वर्षी एकाने त्यांना लोकमान्यांची बॉलपेनने केलेली सही दाखवली होती. टिळक 1920 साली गेले आणि बॉलपेन बाजारात यायला पुढची वीस-पंचवीस वर्षं लागली, एवढं ऐकूनही तो माणूस ‘टिळक काळाच्या पुढे होते’ म्हणून भांडला होता. त्या मानाने हा सज्जन.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी बोलावणं आलं. नातवाच्या प्रगतिपुस्तकावर बापाची सही होती आणि बापाने ती केलेली नव्हती. सून रडवेली, मुलगा लालबुंद, नातू सोफ्याच्या टोकाला. दस्तुरखुद्दांनी प्रगतिपुस्तक दिव्याखाली घेतलं. आधीच्या तीन चाचण्यांच्या खऱ्या सह्या, खाली चौथी. दहा मिनिटं घरात पंख्याखेरीज कशाचा आवाज नव्हता.

‘‘खिडकीच्या काचेवर धरून गिरवलीस?’’

नातवाने मान खाली घातली.

‘‘दुसरी सही खाली ठेवून. तंतोतंत आली आहे, म्हणूनच पकडली गेली. तुझ्या बापाच्या या तिन्ही बघ, एकीसारखी दुसरी आहे का? माणूस दोनदा सारखी सही करत नाही रे. आणि हात मध्येच थांबलाय इथे, वेलांटीपाशी. शाईचा ठिपका पडलाय बघ. एका दमात करायची असते.’’

नातू पुढे सरकून भिंगातून बघू लागला. गणितातले नऊ मार्क सहीच्या बरोबर वर होते, पण ते भिंगाच्या बाहेर राहिले.