शिकतं पोट्टं

आमच्या रोहण्यात पाच घरं सोडून एक शिकतं पोट्टं असतं. पूर्वी पाच घरं सोडून एक बैलजोडी असायची. बैलजोड्या कमी झाल्या, तशी शिकती पोट्टी वाढली. दोघांचा एकमेकांशी संबंध आहे असं माझं म्हणणं नाही, पण पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद तरी लावतात.

शेजारच्या घरात असं एक आहे. बीए सेकंड इयर, आर्वीचं कॉलेज. मी त्याला चौथीत शिकवलेलं आहे, त्यामुळे त्याच्या पुढच्या प्रगतीबद्दल मी कुणालाही दोष देत नाही. त्याला काम सांगायचं नाही असा त्या घरचा नियम आहे. "त्याले नका सांगू काही, तो शिकून राह्यला," असं त्याची माय दिवसातून चार वेळा म्हणते. पाचव्यांदा तीच माय त्याच्यापुढे एखादा कागद धरते आणि म्हणते, "शिकून राह्यला ना तू? मंग एवढं करून दे." शिकत असल्यामुळे त्याला डवरणी, फवारणी, शेणखत यांतून सूट आहे, आणि शिकत असल्यामुळेच बाकीचं सगळं त्याच्या गळ्यात आहे. निवृत्तीनंतर मला वेळ भरपूर असल्याने त्याचा एक अख्खा आठवडा मी ओट्यावरून पाहिला.

आठवडा सुरू होतो पहाटे पाचला, पोलीस भरतीने. भरती निघालेली असो वा नसो, पोट्टी धावतात. बसस्टँडापासून धरलं तर पुलगावच्या दिशेने एका बाभळीपाशी सोळाशे मीटर भरतात, हे त्यांनी मोबाईलवर मोजून ठेवलं आहे. सोळाशे मीटरला वीस गुण, शंभर मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. पूर्ण वीस हवे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत पोचावं लागतं. आमचं पोट्टं सहा मिनिटं वीस सेकंदांत पोचतं, त्यानंतर पंधरा मिनिटं धाप टाकतं आणि मग दोन आलुबोंडे खाऊन वजन पूर्ववत करतं. गोळा कुणाकडेच नाही. सव्वासात किलोचा एक दगड शोधून ठेवला होता, तो कुणाच्या तरी आजीने पापडाच्या पिठावर वजन म्हणून नेला.

साडेसातची बस. या प्रकाराला इकडे 'अपडाऊन' म्हणतात आणि तो एक स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. बस पुलगावहून येते तीच भरून. 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून ज्या बायांना आर्वीत काही काम नव्हतं, त्यांनाही ते निघालं, आणि मला विचाराल तर फार चांगलं झालं. विद्यार्थ्याला पासावर 66.67 टक्के सवलत असते, म्हणजे तो भाड्याचा एक तृतीयांश भरतो. सीटही त्याच्या वाट्याला तेवढीच येते. आबाजी, म्हणजे त्याचे आजोबा, अजून नॅरोगेजच्या काळात आहेत. पुलगाव-आर्वी ही 35 किलोमीटरची छोटी लाइन इंग्रजांच्या कंपनीने टाकली, आणि रेल्वेच्या कागदात आमचं स्टेशन होतं 'रोहणा टाऊन'. गावाला टाऊन म्हणणारं तेवढं एकच खातं निघालं, तेही गेलं. आबाजी त्या गाडीने आर्वीला शिकायला जात. किती शिकले विचारलं की म्हणतात, "गाडीच बंद पडली ना बाप्पा!" गाडी बंद पडली नव्वदच्या दशकात. आबाजी तेव्हा पन्नाशीला टेकले होते.

कॉलेजात काय चालतं ते मला कळावं म्हणून मी पोट्ट्याला एकदा बसवून विचारलं. नवीन शैक्षणिक धोरण आलं आहे. आता नुसते विषय नसतात. मेजर असतो, मायनर असतो, वर कौशल्याचा एक, मूल्यांचा एक, भारतीय ज्ञान प्रणालीचा एक, आणि या सगळ्यांचे मिळून क्रेडिट. हे तो मला सांगत असताना आबाजी बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होते. "मायनर" शब्द ऐकला तसे उठून बसले.

"मायनर आला काय? कवा सोडून राह्यले पाणी?"

इकडे धनोडीला निम्न वर्धाचं धरण आहे, आणि मायनर म्हणजे कालव्याचा फाटा, हे शेतकऱ्याच्या पोराला जन्मतः ठाऊक असतं. पोट्ट्याने समजावलं की हा मायनर कॉलेजातला, समाजशास्त्राचा. आबाजींनी थोडा विचार केला. "मंग त्याच्यात बी पाणी नसनच," म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

क्रेडिटवर त्याच्या बाबांनी हरकत घेतली. इकडे क्रेडिट म्हणजे उधारी. कृषी केंद्रातून बियाणं, खत, औषध क्रेडिटवर येतं आणि कापूस विकला की फेडायचं असतं. पोट्ट्याने सांगितलं, की विद्यार्थ्यांच्या क्रेडिटची एक बँकच आहे, त्यात आपलं खातं उघडलं आहे. बाबांचा चेहरा खुलला. "मंग तिथून काही भेटते काय? पेरणीपुरतं?" नाही म्हटल्यावर ते उठून बैलाला पाणी पाजायला गेले. ज्या बँकेतून कर्ज मिळत नाही, ती बँक कसली हे त्यांना पटलं नाही. मलाही नीट पटलेलं नाही.

विद्यापीठ आमचं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं, नागपूरचं, 1923 सालचं. महाराज शाळेत फार रमले नाहीत, हे पोट्ट्याला बरोबर माहीत आहे. हजेरी कमी पडली म्हणून मी रागावलो की तो संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेच्या दिशेने हात जोडतो आणि म्हणतो, "सर, ज्यायच्या नावाचं विद्यापीठ हाय, ते कोन्या कॉलेजात गेले होते?" यावर चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाकडे उत्तर असायला हवं. मी अजून शोधतो आहे.

दुपारी तास संपले की तो आर्वीतच एका झेरॉक्सच्या दुकानात तीन तास बसतो. बोर्डावर 'सर्व ऑनलाइन कामे केली जातील' असं आहे. सर्व म्हणजे तो. शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, नावातली चूक, चुकीतलं नाव. पगार पासाला आणि आलुबोंड्याला पुरतो. अडचण अशी, की त्या दुकानात पन्नास रुपये पडतात आणि घरी तेच काम तोच मुलगा फुकट करून देतो, हे रोहण्यातल्या सगळ्या बायांना माहीत झालं आहे. त्यामुळे त्याचं खरं ऑफिस रात्री आठला उघडतं.

मंगळवारची रात्र मी प्रत्यक्ष पाहिली. पोट्ट्यापुढे ग्रामीण समाजशास्त्राचं पुस्तक उघडं होतं. हिवाळी परीक्षा तोंडावर आली होती. तेवढ्यात मागच्या घरच्या काकू आल्या आणि त्यांनी चहाची बशी ग्रामीण समाजशास्त्रावर ठेवली. लाडकी बहीण योजनेचं केवायसी करायचं होतं. त्यात एक ओटीपी बहिणीच्या आधारचा लागत होता आणि दुसरा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. काकूंचा आला. काका तुरीत जागलीला गेलेले, रानडुकरांमुळे. तिथे मचाणावर चढल्याशिवाय फोनला रेंज नाही. चारदा लावल्यावर लागला.

"काका, ओटीपी आला काय?"

"कोन आला?"

"ओटीपी! मेसेज! त्याच्यातला नंबर सांगा."

"माहा नंबर तुह्यापाशी हायच ना बे. त्याच्यावरच तं लावला तू."

"तो नाई हो! सहा आकडे आले असन, ते वाचा."

बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग काका म्हणाले, चष्मा घरी आहे. आता काकूंनी फोन हिसकला. पुढची चार मिनिटं चष्मा, बिड्या, त्यांच्या नणंदेचं लग्न आणि 2019 साली विकलेली म्हैस या विषयांवर गेली, आणि त्यात ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. काकांनी मोठ्या निर्धाराने सहा आकडे वाचले; ते रिचार्जच्या जाहिरातीतले निघाले. तिसऱ्या वेळी त्यांनी युक्ती केली. बाजूच्या वावरात एक पोरगा जागलीला होता, त्याला हाक मारून बोलावलं. तो अर्ध्या धुऱ्यापर्यंत आला आणि पुढे चिखल म्हणून थांबला. काकांनी तिथे जाऊन फोन दाखवला, पण तिथे रेंज नव्हती, म्हणून काका परत मचाणावर आले आणि पोराने धुऱ्यावरून ओरडून एकेक आकडा सांगितला, जो काकांनी ओरडून आम्हाला सांगितला. हा नंबर कुणालाही सांगू नका, असं त्याच संदेशात खाली लिहिलेलं असतं. त्या रात्री तो अर्ध्या शिवाराला पाठ झाला आणि डुकरंही त्या बाजूला फिरकली नाहीत.

काम झालं. काकू बशी उचलून गेल्या. पुस्तकात 'ग्रामीण समुदायातील परस्पर सहकार्य' या मथळ्यावर चहाचा गोल उमटला होता.

बुधवार-गुरुवारचं सांगण्यासारखं काही नाही. एक दिवस बस आली नाही, एक दिवस सर आले नाहीत.

शुक्रवारी कापसाचं निघालं. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल होता, आणि कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी करायची, मग दिवस आणि वेळ घ्यायची. नोंदणीला सातबारा लागतो, सातबाऱ्यावर कापूस चढलेला लागतो, आणि तो चढतो ई-पीक पाहणीने, म्हणजे वावरात उभं राहून मोबाईलमधून पिकाचा फोटो काढल्यावर. ही साखळी गावात फक्त शिकत्या पोट्ट्यांना तोंडपाठ आहे. बाबांचं म्हणणं सरळ होतं, "वावर पांढरं दिसून राह्यलं, कोनीबी येऊन पाहा."

"बाबा, वावरात दिसून नाई चालत. ॲपात दिसला पाह्यजे."

या पोट्ट्याने ऑगस्टात पाहणी करून ठेवली होती म्हणून निभावलं. पोळ्यानंतर वावराचं तोंड न पाहिलेला हा मुलगा तेव्हा फोटोसाठी मात्र गेला होता, आणि त्याच फेरीत त्याने पराटीत उभं राहून स्वतःचेही अकरा फोटो काढले. त्यांतल्या एकाखाली 'शेतकरी पुत्र' असं लिहून तो सगळ्यांना पाठवला. बाबांनी तो फोटो पाहिला आणि म्हणाले, "पराटीच्या कोन्या तासात उभा हाय, त्याच्यावर पाय पडला तुहा."

शनिवारी वेचणी. मजूर मिळत नाही, म्हणून शिकणाऱ्यालाही सवलत नाही. सकाळपासून त्याने अकरा किलो वेचला, मायने बेचाळीस. आपला कमी का, याचं त्याने कारण दिलं, की तो कवडी आणि पातीचा कचरा बाजूला काढून स्वच्छ वेचतो, आर्द्रता आठ टक्क्यांच्या वर गेली की भाव कापला जातो आणि बारांच्या वर कापूस घेतच नाहीत. मायने सगळं ऐकलं. "तुह्या अकरा किलोची आर्द्रता तपासून पाह्यजो बाप्पा, घामानंच वली झाली असन."

राहिला रविवार, करमणुकीचा. एका गाडीवर तिघं बसून विरुळकडे जातात. तिथून समृद्धी महामार्ग दिसतो. 701 किलोमीटर, मुंबईपर्यंत, आणि दुचाकीला बंदी. म्हणून ही पोट्टी त्याच्या बाजूला उभी राहून खाली-वर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचतात: हा नागपूरचा, हा नाशिकचा, हा पुण्याचा. मुंबईची गाडी गेली की शिट्टी मारतात. कधी नदीपल्याड कौंडण्यपूरला जातात. रुक्मिणीचं माहेर. तिथूनच कृष्णाने तिला पळवलं, असं सांगतात. देवळात तिघंही बराच वेळ हात जोडून उभे असतात. काय मागतात ते मी विचारत नाही. पण तिघांपैकी एकाची गाडी आहे आणि बाकीच्या दोघांचा पेट्रोलचा वाटा थकलेला आहे, अशाने द्वारका गाठता येत नाही एवढं त्यांना कळत असावं.

रविवारी रात्री नऊला मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो खरंच वाचत होता. चहाचा गोल ओलांडून चार पानं पुढे गेला होता. मला पाहून उठला. "या ना सर, काही काम होतं काय?"

मी म्हटलं, नाही नाही, तू अभ्यास कर, परीक्षा जवळ आली. मग म्हटलं, नोव्हेंबर संपत आला. मग खिशातून आधार कार्ड आणि पेन्शनचा कागद काढला. हयातीचा दाखला महिनाअखेरपर्यंत द्यावा लागतो आणि आता तो म्हणे मोबाईलवर चेहरा दाखवून निघतो.

त्याने पुस्तक मिटलं, मला बल्बखाली बसवलं आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला.

"सर, इकडं पाहा. डोये मिचकवा."

मी मिचकावले.

"अजून एकदा. आरामात." त्याने पडद्याकडे बघून मान हलवली. "घेऊन नाई राह्यलं सर. जिवंत असल्यासारखं करा जरा."

बाजेवरून आबाजी म्हणाले, "मास्तरले सतराचा पाढा म्हनाले लाव."