पाचवा हिस्सा

शेंद्र्याच्या एमआयडीसीत मी गाड्यांचे सुटे भाग तपासतो. माप केसभर चुकलं की तांबडं लेबल लावायचं आणि माल परत पाठवायचा, हे माझं काम. घरचे म्हणतात, स्वभावही तोच.

तेव्हा क्रूझ ग्रीसच्या सँटोरिनीला पोचण्याआधीच त्या ज्वालामुखीच्या बेटावर माझं लेबल लागलं होतं. ज्वालामुखीचं कौतुक आम्हाला कुणी सांगावं? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर आम्ही प्लॉट घेऊन बसलोय. त्याच दगडात वेरूळचं कैलास लेणं कोरलंय. सँटोरिनीचा मोठा स्फोट सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे अगदीच पोरसवदा.

हे सगळं मी होडीत शेजारच्या गुजराती कुटुंबाला ऐकवत होतो. होडीत, कारण जहाज धक्क्याला लागतच नाही. डोंगराचा मधला भाग खचून समुद्र आत शिरलाय आणि पाणी इतकं खोल की नांगर टाकणंही अवघड. होडी खालच्या बंदरात सोडते, फिरा गाव मात्र कड्याच्या टोकावर. वर जायला रोपवे, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या, नाहीतर गाढव किंवा खेचर.

सौ. मुकाट रोपवेच्या रांगेत शिरली. मी म्हटलं, "मढीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार पाहिलेला माणूस मी. जनावरावरून जातो."

"अहो, पण जनावराला विचारलंत का?"

विचारावं लागलंच नाही. खेचरवाल्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. ती नजर मी ओळखली. कास्टिंगकडे मी तसाच बघतो. ग्रीसमध्ये २०१८पासून नियम आहे: जनावरावर १०० किलोहून किंवा त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं लादायचं नाही. माझं वजन ९४. म्हणजे ४७० किलोचं खेचर हवं. समोरचं कानांसकट तेवढं भरेना.

पायऱ्या गुळगुळीत, वर ताजी लीद. दर वळणावर सडपातळ प्रवासी घेऊन खेचरं यायची आणि मी भिंतीला पाठ लावून वाट द्यायचो. एकानं माझी टोपी हुंगली आणि नाकारली.

वर सौ. कॉफी संपवून त्याच गुजराती कुटुंबाबरोबर फोटो बघत बसली होती. मी खुर्ची ओढली, तशी ती उठली.

"चला, खाली जायची रांग वाढतेय. होडी सुटेल."

"अन् गाव?"

"ते काय, तुमच्या मागे."

मी वळणार तोच रांग पुढे सरकली.