न घेतलेल्या घरांचे मालक

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास खिशात पाच मीटरची टेप आणि मागे काकू, असे नाना बाहेर पडले की समजावं, बाणेर-वाकड-रावेत पट्ट्यातल्या एखाद्या बिल्डरची आज परीक्षा आहे. नाना कोथरूडच्या जुन्या वन बीएचकेत राहतात आणि कित्येक वर्षं टू बीएचके बघतात. बघतात म्हणजे फक्त बघतात.

हल्ली घरं ज्या गोष्टींवर खपतात, त्यांचा नानांवर काडीइतका परिणाम होत नाही. सेल्सची मुलगी इन्फिनिटी पूल दाखवते. नाना विचारतात, "पाणी महापालिकेचं की टँकरचं?" ती घाईघाईने क्लब हाऊसकडे वळते. "मेन्टेनन्स किती पडतो?" ती ओपन किचनकडे वळते आणि आयतीच सापडते. त्या ओट्यावर काचेच्या बरणीत तीन रंगांचा पास्ता आणि वाडग्यात प्लास्टिकची लिंबं मांडलेली असतात. नाना एक लिंबू दाबून बघतात. मग म्हणतात, "इथे मिरचीची फोडणी दिली की ठसका सोफ्यावरच्या पाहुण्याला. बरं, गव्हाचं पिंप कुठे ठेवायचं?" ब्रोशरमध्ये पिंपाचा उल्लेख नसतो.

सॅम्पल फ्लॅट ही तर त्यांची खास शिकार. आतल्या खोल्यांना दारंच बसवलेली नाहीत, हे आपल्याला कळतही नाही. नानांना कळतं. दार उघडायला लागणारी जागा ते हाताने हवेत कमान काढून दाखवतात आणि ती कमान थेट कपाटावर आपटते. एकदा तर ते मास्टर बेडरूममधल्या पलंगावर सरळ आडवे झाले. पावलांवर साइटवर मिळालेले निळे प्लास्टिकचे मोजे होते आणि ती दोन्ही निळी पावलं पलंगाबाहेर लोंबत होती. पडल्या पडल्याच त्यांनी टेप ओढली. "साडेपाच फूट! खोली मोठी दिसावी म्हणून पलंग कापलाय. गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं का आम्ही?" मागून आलेलं एक नवविवाहित जोडपं तिथूनच परत फिरलं.

कायदाही त्यांना तोंडपाठ. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट एरियात बाल्कनी धरत नाहीत, पण आतल्या भिंतींची जाडी धरतात. "म्हणजे सतरंजी भिंतीच्या पोटात अंथरायची," असं ते सेल्स मॅनेजरला समजावतात. मॅनेजर कॉफी मागवतो. नाना ती पितात.

त्यांना मनापासून आवडते ती एकच गोष्ट, ड्राय बाल्कनी. तिथे ते उकिडवे बसून बघतात, वॉशिंग मशीन ठेवल्यावर मावशींना भांडी घासायला जागा उरते का. काकूंना वाळत घालायची दोरी कुठे येईल ते विचारतात. मला विचाराल तर, घर राहण्यासाठी असतं हे त्या अख्ख्या साइटवर लक्षात असलेला हा एकटाच माणूस.

मग घेत का नाहीत? बांधकाम चालू असलं तर 5 टक्के जीएसटी पडतो, तेव्हा पूर्णत्वाचा दाखला येऊ दे. दाखला आला की रेट वाढलेला असतो, तेव्हा थोडा उतरू दे. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, म्हणून घर काकूंच्याच नावावर घ्यायचं, एवढं मात्र पक्कं आहे. काकू म्हणतात, "माझ्या नावावर यांनी वाकडला दोन आणि बाणेरला एक घर घेतलेलं नाही. पुनावळ्याचं तर अगदी नदीकाठचं होतं हो, तेही घेतलं नाही."

मध्यंतरी एक गंमत झाली. त्याच सेल्सच्या मुलीचा नानांना फोन आला. "काका, मी स्वतःसाठी फ्लॅट बघतेय. रीसेलचा आहे. पूल वगैरे काही नाही. टेप घेऊन याल?" नाना गेले. नळ सोडून बघितले, संडासाच्या छताचा ओलावा बघितला, भोगवटा पत्र वाचलं, ड्राय बाल्कनीत उकिडवे बसले. दोन तासांनी उठून म्हणाले, "घे."

काकूंना हे कळलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "म्हणजे यांना 'घे' म्हणता येतं तर!" एवढंच म्हणाल्या आणि मेथीची जुडी जरा जोरातच आपटली.